औषध मारलं तरी खुराड्यातले गोचीड पंधरा दिवसांत परत का येतात

सकाळी खुराडं उघडावं तर एक कोंबडी दांडीखाली पडलेली. बाकीच्या बाहेर येतात, पण पेंगत. तुरे फिके पडलेले, खाण्यावर झडप नाही, अंडी निम्म्यावर. कोंबडी हातात घेऊन पिसं उलटीसुलटी करून बघावं तर काही नाही. उवा नाहीत, जखम नाही. मग कुणीतरी सांगतं, "पावडर मारा." मारली. आठ-दहा दिवस बरं वाटतं, आणि मग पुन्हा तेच.

आमच्याकडं माणदेशात हे मी दोन वर्षांत चार वेळा सोसलं. साठ-पासष्ट पक्षी होते, वनराज आणि गावठी मिळून. चौथ्या वेळी मार्ग सापडला तो औषधामुळं नाही, रात्री अकरा वाजता मोबाईलची बॅटरी घेऊन खुराड्यात शिरलो म्हणून. बांबूच्या दांडीवर, कोंबड्यांच्या पायांवर, भिंतीच्या विटांमधून खालपर्यंत चपटे किडे लगबगीनं चालले होते. उजेड पडला तसे दोन-तीन मिनिटांत सगळे फटीत. सकाळी तीच दांडी बघितली तर कोरडी ठणठणीत. दोन वर्षं मी दिवसा शोधत होतो!

या किड्याला आमच्याकडं सरसकट "कोंबडीचा ढेकूण" म्हणतात. तो ढेकूण नाही, गोचीड आहे, आणि गाई-म्हशीच्या गोचिडापेक्षा वेगळ्या घराण्यातला. शास्त्रज्ञ या वंशाला अर्गास म्हणतात. आपल्या खुराड्यात सापडतो तो बहुधा अर्गास पर्सिकस. पर्सिकस म्हणजे पर्शियाचा. इराणातल्या मियाने गावच्या सरायांत रात्री झोपलेल्या प्रवाशांना हा चावायचा, म्हणून जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांत त्याला मियानाचा किडा म्हटलेलं आढळतं. बाकीचे भाऊबंदही असेच पाखरांच्या घरट्यांत, झाडांच्या सालीखाली आणि गुहांमधल्या वटवाघळांजवळ राहणारे. जिथं पाखरू रोज रात्री एकाच जागी येतं, तिथं हा मुक्काम ठोकतो. आपलं खुराडं म्हणजे त्याच्या दृष्टीनं एक मोठं घरटंच.

आधी खात्री करा, नाहीतर पैसे वाया जातील

चार वेगवेगळ्या जीवांचा त्रास वरून सारखाच दिसतो, आणि उपाय मात्र वेगळे आहेत. उवा दिवसरात्र कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीच्या बुडाशी, गुदद्वाराजवळ पिसं बाजूला केली की पळताना दिसतात. तसं असेल तर अंगावरच्या पावडरीनं काम होतं, पुढचं वाचायची गरज नाही. लाल माईट रात्रीच येते, पण ती मोहरीपेक्षाही लहान. दांडीखाली पांढरा कागद घासला की तांबडे डाग उठतात. ढेकूण खुराड्यातही होतो. त्याला सहा पाय असतात, डोकं आणि मिशा वरून दिसतात.

मोठ्या गोचिडाला आठ पाय, मिशा नाहीत, आणि वरून पाहिलं तर तोंड दिसतच नाही, कारण ते पोटाच्या बाजूला खाली असतं. उपाशी असताना दिसायला हुबेहूब कलिंगडाची बी: चपटा, तपकिरी, एका टोकाला निमुळता, अर्ध्यापासून एक सेंटिमीटरपर्यंत. रक्त पिऊन फुगला की पाटीसारखा निळसर-राखाडी. जनावरांच्या गोचिडाच्या पाठीवर कडक ढाल असते, याच्या पाठीवर नसते. सुरकुतलेल्या चामड्यासारखी कातडी, म्हणून याला मऊ गोचीड म्हणतात. मऊ म्हणून बोटानं चिरडला जाईल असं समजू नका, उपाशी असताना चांगलाच चिवट असतो.

दिवसा बघायचं असेल तर जुन्या सुरीचं टोक घ्या आणि दांडी भिंतीला जिथं टेकते तिथली फट उकरा. एकावर एक थर लावून बसलेले सापडतील, बाजूला टाकलेल्या कातींची टरफलं पडलेली असतील. अंडी म्हणजे खसखशीसारखे तपकिरी दाणे. दुसरा सोपा उपाय म्हणजे खोक्याचा नालीदार पुठ्ठा. त्याची वीतभर पट्टी दांडीच्या टोकाला सुतळीनं बांधा आणि तीन-चार रात्रींनी सोडून बघा. गोचिडाला पुठ्ठ्याच्या नळ्या फार आवडतात. मी आजही दर पंधरा दिवसांनी हा पुठ्ठा बघतो आणि बघून झाला की चुलीत घालतो.

अडतं कुठं

आपल्या डोक्यात गाईचा गोचीड बसलेला असतो. गाईचा तो गोचीड अंगाला चिकटून राहतो, म्हणून आपण अंगावर औषध लावतो. याची रीत उलटी आहे. मोठा झालेला गोचीड रात्री येतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि उजाडायच्या आत फटीत परततो. महिन्यातल्या बहुतेक रात्री तो येतही नाही, एकदा पोट भरलं की पुष्कळ दिवसांची बेगमी होते. म्हणजे आपण दुपारी कोंबडी धरून पावडर चोळतो तेव्हा शंभरातला जवळजवळ प्रत्येक मोठा गोचीड भिंतीत झोपलेला असतो. पावडर कोंबडीला, आणि रोग भिंतीला.

मग दुसऱ्या वेळी आपण शहाणे होतो आणि खुराड्यात फवारणी करतो. तरी परत येतात, कारण पंप भिंतीच्या पृष्ठभागावर औषध टाकतो, फटीच्या तळाशी नाही. शिवाय मादी प्रत्येक वेळी रक्त पिऊन झालं की फटीतच अंडी घालते, एका खेपेला काही डझन. सगळ्या खेपा धरल्या तर पाचशेच्या पुढे. अंड्यावर बहुतेक औषधं चालत नाहीत. उन्हाळ्यात दहा दिवसांच्या आसपास अंडी फुटतात, थंडीत तीन आठवडे किंवा जास्त लागतात. फवारणीनंतरचा "बरं वाटतं" हा काळ आणि अंडी फुटायचा काळ जुळतो, तो काही योगायोग नाही.

तिसऱ्या वेळी मी फसलो ते सगळ्यात वाईट. जुनं खुराडं सोडून दिलं, पत्र्याचं नवं केलं, त्याच दिवशी कोंबड्या तिकडं हलवल्या. दीड महिन्यात नव्यातही गोचीड. शेजारी म्हणाले, हवेतून येतात. हवेतून नाही, मीच काखेत घालून आणले होते.

झालं असं की अंड्यातून निघालेलं गोचिडाचं पिल्लू मोठ्यांसारखं वागत नाही. त्याला सहाच पाय असतात, आणि ते कोंबडीला चिकटून पाच ते दहा दिवस रात्रंदिवस अंगावरच राहतं, बहुतेक वेळा पंखाखाली. पोट भरलं की रात्री गळून पडतं, जवळची फट गाठतं, कात टाकतं, आणि तिथून पुढं त्याचं मोठ्यांसारखं रात्रीचं येणं-जाणं सुरू होतं. म्हणजे या किड्याच्या आयुष्यात कोंबडीवर मुक्काम करायचा एकच टप्पा आहे, आणि खुराडं बदलताना नेमका तोच आपण सोबत नेतो. पंख उचलून बघा: कातडीला चिकटलेले लालसर-निळे बारीक दाणे, भोवती रक्ताळलेले ठिपके. बाजारातून आणलेली एक कोंबडी असे वीस-तीस दाणे घेऊन येऊ शकते.

"खुराडं सहा महिने रिकामं ठेवा, उपाशी मरतील" हाही सल्ला मिळतो. मोठा गोचीड रक्ताशिवाय दोन वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. माझ्या जुन्या खुराड्यात आठ महिने पाखरू नव्हतं. एका रात्री तिथल्या दांडीवर मी हात टेकून उभा राहिलो तर मनगटावर दोन चढले.

मी काय केलं, दिवस मोजून

आधी कोंबड्यांसाठी तात्पुरती जागा. लोखंडी जाळी, प्लास्टिकचे क्रेट, खाली पोती. लाकूड-बांबू अजिबात नाही, कारण गळून पडलेल्या पिल्लांना लपायला जागा मिळता कामा नये. पक्षी तिथं दोन आठवडे ठेवले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलेली पावडर पंखाखाली लावली, त्यांनी सांगितलं तितकीच, आणि अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत हेही त्यांनाच विचारलं. पोती दर तीन-चार दिवसांनी जाळली, क्रेटवर उकळतं पाणी ओतलं. बारा दिवसांत अंगावरचे सगळे दाणे गळून जातात.

त्याच दिवसांत खुराडं. तूस, जुनी घरट्यांची पेटी, बांबूच्या दांड्या, विणलेलं डालगं, सगळं बाहेर काढून जाळलं. डालग्याचं वाईट वाटलं, आजीच्या वेळचं होतं. पण बुरुडकामाची प्रत्येक वीण म्हणजे गोचिडाची खोली. शेणानं कितीही सारवलं तरी शेण वाळून तडकतं आणि आतून वाट होते. ज्यांच्याकडं डालगं ठेवायचंच आहे त्यांनी ते कढत पाण्यात बुडवून काढावं, नुसतं उन्हात ठेवून भागत नाही.

भिंती रिकाम्या झाल्यावर फटी उकरल्या आणि फ्लेम गननं ज्योत फिरवली. ज्योत फटीत दोन-तीन सेकंद थांबली पाहिजे, तडतड ऐकू येते. छप्पर पाचटाचं, कुडाचं किंवा ताडपत्रीचं असेल तर फ्लेम गन हातात घेऊच नका; तिथं उकळतं पाणी, तेही किटलीच्या तोटीनं फटीत. त्यानंतर फवारणी. कोणतं औषध आणि लिटरला किती, हे मी इथं लिहीत नाही, कारण एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. डॉक्टरांकडून लिहून घ्या. पद्धत मात्र सांगतो: पंपाचं नोझल फवारा नव्हे तर धार सोडेल असं फिरवा आणि धार फटीत, दांडीच्या खोबणीत, पत्र्याच्या घड्यांत, दाराच्या बिजागरीमागं सोडा. भिंत नुसती ओली दिसली म्हणजे काम झालं असं नाही. खाद्याची-पाण्याची भांडी आधी बाहेर, तोंडाला फडकं, हातात मोजे.

कपाशीवर मारायचं उरलेलं औषध खुराड्यात मारणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत. एकानं मारलं आणि संध्याकाळी कोंबड्या आत सोडल्या. सकाळी गोचीडही मेले होते आणि कोंबड्याही.

दुसरी फवारणी तेराव्या दिवशी. मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांसाठी ती आहे, पहिलीपेक्षा मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक लोक इथंच सोडून देतात, कारण तोवर डोळ्याला काही दिसत नसतं. हिवाळा असेल तर तिसरीही करा. माझी दुसरी फवारणी वाळली की फटी सिमेंट-वाळूनं बुजवल्या आणि वरून चुन्याचे दोन घट्ट हात दिले. चुना इथं औषध म्हणून नाही. तो केसासारख्या फटी बुजवतो, आणि पांढऱ्या भिंतीवर तपकिरी किडा लगेच दिसतो. पक्षी चौदाव्या-पंधराव्या दिवशी आत.

दांडीचा प्रश्न राहिला. आता माझ्या दांड्या भिंतीला कुठंही टेकत नाहीत. लोखंडी पाइपचे चार पाय, त्यावर गुळगुळीत रंधा मारलेली लाकडी पट्टी, आणि प्रत्येक पाय जुनं तेल भरलेल्या डब्यात. गोचिडाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, त्याला चालतच यावं लागतं. डब्यात तूस पडून साकव तयार होतो, म्हणून आठवड्याला डबे साफ करावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. दोन आठवडे टाळलं तर काय होतं ते खाली सांगतोच.

राखेचं काय, कडुनिंबाचं काय? राखेत कोंबड्या लोळतात, त्यानं उवा कमी होतात, जरूर ठेवा. पण भिंतीत बसलेल्याला राखेशी देणं-घेणं नाही. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली तेव्हा गोचीड फटीत आणखी आत गेले आणि मला खोकला झाला. तंबाखूचं पाणी मी केलं नाही. ते कोंबडीलाही विषारी आहे.

मरतुक थांबत नसेल तर

रक्त कमी होऊन कोंबडी अशक्त होते ते वेगळं, आणि तापानं दोन-चार दिवसांत मरते ते वेगळं. हा गोचीड बोरेलिया अन्सेरिना नावाचा जंतू पसरवतो, रोगाचं नाव स्पायरोकिटोसिस. १८९१ साली सखारोव्ह यांनी कॉकेशसमधल्या बदकहंसांत तो जंतू पाहिला आणि १९०३ मध्ये ब्राझीलमध्ये मार्शू आणि सालिंबेनी यांनी तो गोचिडातून कोंबडीत जातो हे दाखवलं. कोंबडी तापते, सारखं पाणी पिते, हिरवट पातळ हगते, मान टाकून बसते, पाय लुळे पडतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ही तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिथंच घोळ होतो. हिरवी हगवण, लुळेपणा दोन्हीत आहे. माझ्या कोंबड्यांना मानमोडीची लासोटा लस वेळेवर दिलेली होती आणि तरी मरत होत्या, तेव्हा मी लशीला दोष दिला, लस देणाऱ्यालाही चार शब्द सुनावले. नंतर माफी मागावी लागली. मानमोडी विषाणूचा रोग आहे, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. स्पायरोकिटोसिसवर पेनिसिलिन चांगलं चालतं. म्हणून फरक कळणं गरजेचं आहे, आणि तो घरी कळत नाही. ताप असलेल्या जिवंत कोंबडीच्या रक्ताचा नमुना किंवा ताजी मेलेली कोंबडी दवाखान्यात न्या. पेशंट कोंबडी आहे म्हणून लाजू नका. शवविच्छेदनात प्लीहा सुजून चट्ट्याचट्ट्यांची झालेली दिसली तर डॉक्टरांचा संशय लगेच तिकडं जातो. नेताना काडेपेटीत चार गोचीडही घेऊन जा. माझं निदान त्या काडेपेटीमुळं झालं.

रोग बरा झाला तरी खुराड्यातल्या गोचिडाच्या पोटात जंतू राहतो, मादीकडून अंड्यांत आणि पुढच्या पिढीतही उतरतो. कोंबडीला सुई दिली आणि भिंत तशीच सोडली तर पुढची नवी तुकडी पुन्हा आजारी पडते.

लहान पिल्लांची एक वेगळी गोष्ट. अंगावर गोचिडाची पिल्लं फार झाली तर त्यांच्या लाळेनंच कोंबडीच्या पिल्लाचे पाय आणि पंख लुळे पडतात, जंतू नसला तरी. पंखाखालचे दाणे काढले तर काही पिल्लं पुन्हा उठतात. काढताना बोटानं चिरडू नका, चिमट्यानं काढून रॉकेलच्या वाटीत टाका.

माणसाला चावतो का? चावतो, पोटासाठी नव्हे, नाइलाजानं. मध्य युरोपातल्या जुन्या इमारतींत याचाच एक भाऊ कबुतरांवर राहतो. माळ्यावरून कबुतरं हाकलून जाळ्या लावल्या की उपाशी गोचीड खालच्या खोल्यांत उतरतात आणि झोपलेल्या माणसांना चावतात. काहींना त्याची जोरदार ॲलर्जी होते. म्हणून खुराडं घराच्या भिंतीला लागून असेल आणि कोंबड्या विकून टाकायचा विचार असेल, तर आधी गोचीड संपवा, मग कोंबड्या विका. चावल्यावर अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, ओठ सुजले तर सरळ दवाखाना गाठा.

खुराड्याच्या पत्र्याखाली चिमण्यांची, साळुंक्यांची घरटी असतील तर तीही बघा. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं काढून जाळा. अंडी-पिल्लं असताना हात लावू नका. गावठी कोंबड्या रात्री बाभळीवर चढत असतील तर खुराडं कितीही साफ ठेवा, बाभळीच्या सालीत गोचीड असणारच. त्यांना संध्याकाळी दाणे टाकून आत वळवायची सवय लावली, तीन आठवडे लागले.

नवी कोंबडी बाजारातून आली की आता ती थेट आत जात नाही. बारा दिवस क्रेटमध्ये, खाली पोतं, मग पंख उचलून तपासणी. घरच्यांना हा सोवळेपणा वाटतो.

सव्वा वर्ष झालं, मरतुक नाही. पण गेल्या भाद्रपदात पावसाच्या गडबडीत तेलाचे डबे दोन आठवडे बघितले नाहीत, आणि पुठ्ठ्यात तीन गोचीड निघाले, एक रक्तानं फुगलेला. म्हणजे एक मादी कुठंतरी अंडी घालून बसली असणार. त्याच दुपारी दाराची चौकट काढली. बिजागरीमागं, जिथं सिमेंट पोचलं नव्हतं, तिथं होते. चौकट जाळली, लोखंडी बसवली, आणि कॅलेंडरवर पुढच्या तेराव्या दिवसावर फुली मारली.